चिमटा आणि हौद

लग्नाच्या मांडवात आमचे सर दिसले की ओळखीची माणसं आधी सदऱ्याच्या बाह्या खाली ओढून घ्यायची. सर नुसता नमस्कार करून थांबत नसत. समोरच्याचा उजवा हात हातात घ्यायचे, पीकपाण्याची, मुलांच्या परीक्षेची चौकशी सुरू करायचे, आणि बोलता बोलता त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी त्या माणसाच्या दंडामागे जाऊन कातडी हलकेच चिमटीत धरायची. क्षणभर डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "अठरा." कधी "बावीस." एकदा नवरदेवाच्या वडिलांना भर मांडवात "एकतीस" म्हणाले. ते गृहस्थ जेवणं उठेपर्यंत ज्याला त्याला विचारत होते, एकतीस म्हणजे चांगलं की वाईट.

ते मिलिमीटर असायचे. कातडीखाली चरबीचा थर किती, याचा तो अंदाज. सर जळगावच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक होते. मूळचे साक्रीकडचे, म्हणून बोलता बोलता अहिराणीवर येणारे; राहायला पिंप्राळ्यात. अंगानं किडकिडीत, डोक्यावर पांढरी टोपी, पायात कायम कॅनव्हासचे बूट, अगदी सत्यनारायणाच्या पूजेलासुद्धा. बायकांच्या बाबतीत मात्र काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, लग्न झालं त्याच वर्षी सक्त ताकीद दिलेली होती. ती सरांनी जन्मभर पाळली. "माझं अर्धं संशोधन हिनं बुडवलं," असं ते काकूंच्या देखत म्हणायचे, आणि काकू भाकरी थापता थापता म्हणायच्या, "बुडवलं म्हणून घरात आहात."

मी जामनेर तालुक्यातल्या एका खेड्यातला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मैदानावर सरांनी माझा दंड चिमटीत धरला आणि म्हणाले, "सहा. पोऱ्या, जेवस ना टाइमवर?" मी हो म्हणालो. ते खरं नव्हतं. खोलीवर मी एकवेळ स्वयंपाक करायचो. दुसऱ्या दिवसापासून सरावानंतर मला त्यांच्या घरी बोलावणं येऊ लागलं. कारण कधी सांगितलं नाही. वह्या नीट लाव, तक्ते चिकटव, असलं काहीतरी काम असायचं आणि त्या कामाआधी ताट वाढलेलं असायचं.

सरांचा हा नाद कुठून लागला, ते त्यांनीच एकदा सांगितलं. तरुणपणी त्यांच्या हाताखाली एक पहिलवान होता. भरतीला गेला. तिथे उंचीला किती वजन हवं याचा तक्ता भिंतीवर लावलेला. त्या तक्त्यात हा बसला नाही. वजन जास्त, म्हणून परत पाठवला. त्याच उंचीचा, त्याच वजनाचा आमच्या कॉलेजात एक हेडक्लार्क होता, ज्याला जिना चढताना मधल्या पायरीवर थांबावं लागे. तक्त्याच्या हिशेबानं दोघे सारखेच. सरांना ही गोष्ट सहनच झाली नाही. "काटा सांगतो किती," ते म्हणायचे, "कशाचं ते सांगत नाही."

रेल्वे स्टेशनवर वजनाचं यंत्र असे, नाणं टाकलं की तिकीट बाहेर येई, मागे भविष्य छापलेलं. सर गावाला जाताना दोन्ही फलाटांवरच्या यंत्रांवर उभे राहायचे. पंधरा पावलांच्या अंतरात त्यांचं वजन दोन किलोनं बदलायचं. ती तिकिटं त्यांनी एका वहीत डकवली होती. "भविष्य मात्र दोन्हीकडे चांगलंच आहे," असं म्हणून खूश व्हायचे.

चरबी कशी मोजावी यावर त्यांनी घेतलेला पहिला तासही आठवतो. वर्गात काचेचा मोठा ग्लास घेऊन आले. पाण्यानं भरला. खिशातून कागदाची पुडी काढली, तिच्यात काकूंनी काढलेलं लोणी. त्याचा गोळा पाण्यात टाकला, तो तरंगला. दुसऱ्या पुडीतून मटणाचा तुकडा काढला, तो तळाला गेला. पुढच्या बाकावरचा एक माळकरी मुलगा उठून मागे जाऊन बसला. "झालं," सर म्हणाले. "माणसात तरंगणारं किती आणि बुडणारं किती, एवढंच शोधायचंय. बाकी बठ्ठं नकली." तोच ग्लास नंतर शिक्षकांच्या खोलीत पाणी प्यायला ठेवला गेला, हे मात्र कोणाला कळू दिलं नाही.

पद्धती त्यांच्याकडे चार होत्या. पहिली, तक्ता, तिला ते पद्धत म्हणत नसत. दुसरी टेप. पोटाचा घेर, मानेचा घेर, मनगट. टेप बरी, पण पोट आत ओढून घेणाऱ्यापुढे ती लाचार, असं त्यांचं मत. तिसरा चिमटा. बोटांच्या अंदाजावर ते थांबले नव्हते. एमआयडीसीतल्या एका टर्नरकडून त्यांनी मोजायचा चिमटा बनवून घेतला होता. त्याची स्प्रिंग नीट बसायला वर्ष लागलं, कारण चिमटा थोडा उघडा असो की पूर्ण, दाब तेवढाच पडायला हवा. त्या टर्नरच्या दंडावर कायम दोन लाल ठिपके असत. दंड, पाठ, पोट, मांडी अशा ठरलेल्या जागी कातडीची घडी धरायची, आकडे सूत्रात घालायचे, की शरीरात चरबी किती टक्के ते निघतं.

आणि चौथी पद्धत पाण्याची. माणसाला पूर्ण पाण्यात बुडवून त्याचं वजन करायचं. हाडं आणि स्नायू जड, म्हणून सडपातळ माणसाचं पाण्यातलं वजन जास्त भरतं; चरबी हलकी, म्हणून लठ्ठ माणसाचं कमी. ही सगळ्यांत खरी पद्धत, असं पुस्तकात लिहिलेलं. परदेशात त्यासाठी खास टाक्या असतात. सरांनी ती टाकी कधी पाहिली नव्हती. त्यांची इच्छा एकच होती. आपला चिमटा पाण्यापुढे उभा करायचा आणि किती खरा ठरतो ते बघायचं.

ते काम माझ्या वाट्याला आलं. पदव्युत्तर पदवीसाठी मला प्रबंध लिहायचा होता आणि मार्गदर्शक सर होते. विषय ठरला: शरीरातील चरबीचं प्रमाण मोजण्याच्या पद्धतींची तुलना. चाळीस माणसं, प्रत्येकाची टेप, चिमटा आणि पाणी.

पिंप्राळ्याच्या पुढे केळीचे मोठे बागायतदार होते, त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांच्या विहिरीजवळचा दगडी हौद खांद्याइतका खोल होता. हौदावर आडवा लोखंडी पाइप टाकला, त्याला घड्याळाच्या तबकडीसारखा काटा लटकवला आणि काट्याखाली लोखंडी खुर्ची सोडली. खुर्ची पाण्यात बुडल्यावर काटा शून्यावर आणून ठेवलेला. माणसानं खुर्चीत बसायचं, छातीतली सगळी हवा सोडायची, डोकं पाण्याखाली घ्यायचं आणि पाच आकडे होईपर्यंत हलायचं नाही.

अडचण एवढीच होती की पाणी हलतं, माणूस हलतो आणि काटाही हलतो. हलता काटा वाचायचा कोणी? आबांनी तोडगा काढला. त्यांच्या ओळखीचे एक मापाडी होते, नाना. तीस वर्षं मार्केट यार्डात पोती मोजलेली. पोतं काट्यावर टेकायच्या आत आकडा सांगतील अशी त्यांची ख्याती. पहिल्या दिवशी नाना हौदाच्या काठावर उकिडवे बसले, तबकडीकडे पाहिलं आणि विचारलं, "सर, कसं मोजानं?"

"नाना, तुम्ही यार्डात मोजता तसंच मोजा. मधे मधे करू नका, फक्त आकडा द्या."

"मंग बेफिकीर ऱ्हावा."

एप्रिल-मे आम्ही हौदावर काढले. सर स्वतः पाण्यात उभे राहून बसलेल्याच्या डोक्याला आधार द्यायचे. नाना काठावरून आकडा म्हणायचे आणि मी लिंबाखाली टेबल टाकून लिहायचो. कबड्डीचे खेळाडू आले, केळीचे घड वाहणारे आले, दोन बँकवाले आले, हेडक्लार्कही आले. सर प्रत्येकाला ओरडून सांगायचे, "हवा सोड! अजून सोड! सासू समोर आहे असं समज आणि बोल सगळं!" एक मिठाईवाले शेठ आले. ते काही केल्या बुडेनात. खुर्चीत बसवले की पाय वर यायचे. शेवटी त्यांच्या मांडीवर दहा किलोचं माप ठेवलं आणि त्याचं पाण्यातलं वजन नंतर वजा केलं. शेठ पाण्यातून डोकं काढून म्हणाले, "सर, दुनिया वर यायला धडपडते, मला खाली जायला वजन लावावं लागतं."

पावसाळ्यात मी आकडेमोड केली. तक्ता पुरा झाला तेव्हा रविवार होता. सर बाहेरच्या खोलीत टोपी काढून बसले होते. मी कागद त्यांच्यासमोर ठेवला.

चाळीसपैकी जवळजवळ प्रत्येकाची चरबी पाण्याच्या पद्धतीनं जास्त निघाली होती. कोणाची दोन टक्क्यांनी, कोणाची चार, कोणाची पाच. ज्यांच्या बरगड्या मोजता येतील असे घड वाहणारे पोरगेसुद्धा पाण्यात चांगले बाळसेदार ठरत होते. चिमटा सगळीकडे कमी दाखवत होता, आणि तोही एकसारखा कमी नाही. कोणताही मेळ नव्हता.

सरांनी तक्ता दोनदा वाचला. मला वाटलं, आता भांडतील. ते म्हणाले, "पाणी बरोबर असणार. चिमटा चुकला. तसं स्वच्छ लिही."

"पण सर, ते घड वाहणारे..."

"लिही. आपल्याला आवडलं नाही म्हणून पाणी खोटं होत नाही."

त्यांनी टर्नरनं बनवलेला चिमटा मऊ फडक्यात गुंडाळला आणि कपाटात ठेवला. त्यानंतर तीन-चार महिने सरांनी कोणाचाही दंड धरला नाही. काकू मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "जेवतात, झोपतात, सगळं करतात. पण माणूस कसा शांत झालाय बघ. मला आवडत नाही असला शांतपणा."

मी लिहिलं. टंकलेखन झालं, बांधणी झाली, निळ्या कापडाच्या चार प्रती तयार. दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात त्या विद्यापीठात द्यायच्या होत्या. दिल्या तर पदवी त्याच सत्रात. धुळ्याच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षणाची जागा निघाली होती. तिथल्या प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं होतं, पदवी या सत्रात हातात आली तर तुमचा विचार नक्की, पुढच्या सत्रावर गेली तर जागा थांबणार नाही. आमच्या गावात ती नोकरी लागल्यात जमा होती. वडिलांनी मारुतीला नारळसुद्धा फोडला होता.

दिवाळीला घरी गेलो. वडील भुईमुगाच्या शेंगा जामनेरच्या यार्डात घेऊन निघाले होते, मीही गाडीत बसलो. आमचं पोतं काट्याला लागलं. मी समोरच उभा होतो. काटा अडतीसवर थांबला. मापाडी म्हणाला, "छत्तीस!"

मी म्हणालो, "अहो, अडतीस दाखवतोय."

मापाडी माझ्याकडे न बघता म्हणाला, "माल ओला हाय भो. दोन कडता." दुसरं पोतं लागलं. काटा चाळीसला, तोंडातून आकडा "एकोणचाळीस". हे पोतं जरा वाळलेलं, म्हणून एकच. वडील शांतपणे तंबाखू मळत होते. ओल्या मालाला मापाडी वजनात सूट धरतो, तिला कडता म्हणतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण मापाडी आधी खरा आकडा बोलून मग वजा करतो, अशी माझी समजूत होती. तसं नव्हतं. डोळ्यांनी काटा वाचायचा आणि तोंडातून कापलेलाच आकडा निघायचा. मधे विचार करायलाही जागा नाही, इतका हात बसलेला.

मला हौदाच्या काठावर उकिडवे बसलेले नाना आठवले.

दुसऱ्याच दिवशी जळगाव गाठलं. नाना यार्डात पोत्यांच्या थप्पीला टेकून बसले होते. मी विचारलं, "नाना, हौदावर वजन सांगताना तुम्ही कडता काढत होतात का?"

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना काटा वाचता येतो का, असं विचारलं.

"मंग? नही काढाना? माल वल्ला व्हता ना भाऊ! आख्खा पानीमा बशेल माणूस. सरांनीच सांगं, यार्डात मोजतस तसं मोजा."

"सगळ्यांचा सारखाच काढला?"

"सारखा कसा काढाना? जसा माल तसा कडता. कोनी नुसता लंगोटवर, त्याले पावशेर. कोनी चड्डी घालीसन, छातीवर केस, त्याले अर्धा किलो. तो शेठ, त्याले तं भाऊ मी किलो काढा."

पाण्यात माणसाचं वजनच दोन-तीन किलो भरतं. त्यातून अर्धा किलो गेला की चरबी चार टक्क्यांनी वाढते. पाणी खोटं नव्हतं, चिमटाही खोटा नव्हता. आणि आता आकडे दुरुस्त करायची सोयही नव्हती, कारण कोणाचा किती कापला ते नानांच्या फक्त नजरेत होतं. दुरुस्ती करायची तर पुन्हा सगळ्यांना पाण्यात उतरवावं लागणार होतं.

हे फक्त मला माहीत होतं. नानांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, सरांनी निकाल मान्य केला होता, प्रती बांधून तयार होत्या. मी गप्प राहिलो असतो तर कोणालाही कळलं नसतं. दोन दिवस मी गप्प राहिलो. निळ्या कापडाच्या त्या प्रती पिशवीत घालून विद्यापीठात जायच्या गाडीची वेळही विचारून आलो.

तिसऱ्या दिवशी सरांच्या शेजारी साखरपुडा होता. मीही होतो. मिठाईवाले शेठ समोरून आले, सरांना पाहून हसले आणि आपणहून बाही वर करून दंड पुढे केला. "घ्या सर, बघा, उतरलो का?" सरांनी दोन्ही हात जोडले. म्हणाले, "नाही शेठ. माझं माप खरं नाही." शेठ तसेच दंड पुढे करून उभे. सर बाजूला जाऊन खुर्चीवर बसले.

मी तिथेच त्यांच्याजवळ गेलो आणि सगळं सांगितलं. यार्डातला काटा, नानांचा पावशेर, अर्धा किलो, दोन दिवस गप्प बसलो तेही.

सरांनी खुर्ची माझ्याकडे वळवून सगळं ऐकलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं. हसू आवरेना. "ओला माल!" असं म्हणून डोळे पुसायला लागले. "चाळीस माणसं वल्ला माल म्हनीसन मोजी टाक्यात! आणि सांगितलं कोणी? मीच सांगितलं, यार्डात मोजता तसं मोजा!" मांडवातली माणसं बघू लागली. मग सर एकदम थांबले.

"तुझी धुळ्याची जागा?"

"पुढच्या सत्रापर्यंत थांबणार नाही," मी म्हणालो.

"प्रबंध तुझा आहे," ते म्हणाले. "मी पुन्हा मोज म्हणणार नाही. दे म्हणणार नाही, देऊ नको म्हणणार नाही. तू ठरव. तू काहीही ठरवलंस तरी ताट वाढलेलं असेल."

पुन्हा मोजायचं, असं मी म्हणालो. धीट होतो म्हणून नाही. शेठचा पुढे केलेला दंड डोळ्यांपुढून हलत नव्हता.

माणसं गोळा करणं सोपं नव्हतं. कापूस वेचणीला आलेला, केळीची कापणी चालू, खेळाडू आपापल्या गावी. सर स्कूटरवर मला मागे बसवून दारोदार फिरले. कार्तिकाची थंडी पडली होती. हौदात उतरा म्हटलं की माणसं हात जोडायची. सर त्यांना समजावायचे की थंडीत विहिरीचं ताजं पाणी कोमट असतं, आणि खरंच असायचं, पहिली दहा मिनिटं. ते स्वतः पंचावन्न वर्षांचे, रोज तासन्‌तास छातीभर पाण्यात. काकू काठावर सुंठ घातलेला चहा घेऊन उभ्या. नानांना बदलावं असं मी सुचवलं, तर सर रागावले. "त्यांच्याइतका हलता काटा कोण वाचतो? फक्त कडता नको, एवढंच सांगायचंय." नानांनी मान डोलावली. पण जिभेची सवय इतकी की प्रत्येक आकड्याआधी ते एक क्षण अडखळायचे, मग मोठ्यानं म्हणायचे, "बिनकडता, तीन किलो शंभर!" मीही आता टेबलावर बसत नव्हतो. त्यांच्या खांद्यावरून काटा बघायचो.

प्रती द्यायचा शेवटचा दिवस आला तेव्हा आमची सव्वीस माणसं झाली होती. त्या दिवशी सकाळी मी घड्याळ बघत होतो. विद्यापीठाची गाडी सुटायची वेळ झाली आणि गेली. सर हौदातून म्हणाले, "पुढचा." मी पुढच्याचं नाव पुकारलं.

दुपारी बागेच्या वाटेनं माझे वडील येताना दिसले. एसटीनं आले होते. गावात कोणीतरी सांगितलं होतं की पोराचं पुस्तक तयार असून तो ते देत नाही. धोतराचा सोगा हातात धरून ते हौदापाशी उभे राहिले. पाण्यात सर, पाण्यात एक घड वाहणारा, काठावर नाना, आणि मी.

"रामराम, साहेब," वडील म्हणाले. "पोराचं पुस्तक झालं होतं म्हने. मंग पान्यात काय करू राहिले तुमी?"

सर तसेच ओल्या अंगानं बाहेर आले. माझ्याकडे न बघता त्यांनी सगळं सांगितलं. मराठीत सांगितलं, सूत्रं सोडून, जसं घडलं तसं. नोकरीची जागा जाईल हेही सांगितलं. "चूक माझी, मोजायला मी सांगितलं होतं. पोराची नाही," असं शेवटी म्हणाले. सर थंडीनं थरथरत होते. मी पहिल्यांदा त्यांना कोणाला घाबरलेलं पाहिलं.

वडिलांनी नानांकडे पाहिलं. "तुमी मापाडी?"

"हा," नाना म्हणाले.

"कडता काटला?"

"काढा," नाना खाली बघत म्हणाले. "सवय शे, दादा."

वडील काठाच्या दगडावर बसले. मग सरांना म्हणाले, "साहेब, मी तीस वर्सं यार्डात माल टाकतो. कडता काटला तं काटला. कोनी परत माप करत नाही. आपन बी म्हनत नाही. तुमी मानसं गोळा करून परत मापू राहिले?"

"हो."

"माह्या पोरानं सांगितलं परत मापा म्हनून?"

"त्यानंच."

वडिलांनी टोपी काढून दगडावर ठेवली. "मंग होऊ द्या. नोकरी काय, ती आज ना उद्या लागंल. मापत ऱ्हा." जरा थांबून म्हणाले, "मानसं कमी पडू राहिले म्हने. माह्यं बी करा."

सरांनी चिमटा फडक्यातून काढला होताच. वडिलांचा दंड, पाठ, पोट, मांडी, सगळीकडे घडी धरून पाहिली. जन्मभर वखर धरलेल्या त्या अंगावर चिमट्याला धरायला फारसं काही सापडत नव्हतं. मग वडील लंगोटावर हौदात उतरले, खुर्चीत बसले आणि सरांनी सांगायच्या आत सगळी हवा सोडून खाली गेले. आम्हाला पाच मोजून त्यांना वर काढावं लागलं. केसांवरून पाणी निथळत असताना त्यांनी पहिला प्रश्न नानांना विचारला, "किती?"

"बिनकडता," नाना म्हणाले, "दोन किलो चारशे."

"तू बी काटा पाह्य," वडील मला म्हणाले. पुन्हा खाली गेले, पुन्हा आले. तीनदा झालं. तिन्ही वेळा तेवढंच भरलं.

धुळ्याची जागा दुसऱ्याला मिळाली. मला पुढच्या जूनमध्ये साक्रीच्या एका शाळेत नोकरी लागली, सरांच्याच ओळखीनं, आणि काही वर्षांनी मी धुळ्यालाही गेलो. सरांचा चिमटा पुन्हा सुरू झाला. नव्वदनंतर शहरातल्या एका डॉक्टरांनी विजेवर चालणारं यंत्र आणलं, अनवाणी उभं राहिलं की चरबी सांगणारं. सरांनी आधी वजन केलं, तिथेच एक तांब्या पाणी घटाघटा प्यायले, पुन्हा उभे राहिले आणि डॉक्टरांना म्हणाले, "अभिनंदन. तुमच्या नळाच्या पाण्यात चरबी आहे." डॉक्टर पुढे त्यांचे चांगले मित्र झाले. त्यांचा दंड बावीस होता.

प्रबंध सहा महिने उशिरा दिला. नवे आकडे आले तेव्हा चिमटा आणि पाणी बहुतेकांच्या बाबतीत एका टक्क्याच्या आत-बाहेर जुळले. शेठच्या बाबतीत मात्र चिमटा पाच टक्क्यांनी चुकला. इतकी जाड घडी चिमट्याच्या तोंडात मावतच नव्हती. ते तसंच लिहायचं, असा सरांचा आग्रह होता. जुना तक्ताही शेवटी जोडायचा आणि तो का चुकला तेही लिहायचं, हासुद्धा.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. पानं उलटत उलटत ते नव्या आकड्यांच्या तक्त्याशी थांबले. अडतिसावी ओळ. "शेतकरी, वय बावन्न," त्यांनी वाचलं. "चिमट्यानं नऊ टक्के, पाण्यानं साडेआठ. या वयात? वाचनात काहीतरी चूक आहे." आणि त्या ओळीपुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं.

"नाही सर," मी म्हणालो. "तीनदा मोजलंय. काटा मी स्वतः पाहिला, त्यांनीच बघायला लावला. ते माझे वडील आहेत."

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मनगटाकडे पाहिलं. टेबलावर इकडेतिकडे हात फिरवला आणि बाजूला बसलेल्या सरांना म्हणाले, "खोडरबर आहे का हो?"